सुपरस्कोअर

सुपरस्कोअर हा शब्द पायगुड्यांच्या घरात आणला तो हेमानेच. त्यामुळे रविवारी सकाळी बिबवेवाडीच्या चौकात तो माणसाच्या उंचीच्या अक्षरांत उभा दिसला, तेव्हा बोट दाखवायला तिला दुसरं कुणी सापडेना.

फ्लेक्सच्या मधोमध तिची लेक राजनंदिनी. फोटो मामाच्या लग्नातला, नथीसकट. वर गणपती, एका कोपऱ्यात सासरे आबा फेट्यात, आणि दुसऱ्या कोपऱ्यात हेमाचे थोरले दीर सर्जेराव ऊर्फ तात्या, हात जोडून, उत्सवमूर्तीपेक्षा जरा मोठेच. खाली मजकूर: ‘अमेरिकेच्या एसएटी परीक्षेत १३५० गुणांसह सुपरस्कोअर पटकावल्याबद्दल आमची लाडकी कन्या कु. राजनंदिनी संभाजी पायगुडे हिचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक, तात्या पायगुडे मित्र परिवार.’

पटकावल्याबद्दल. जशी काही चांदीची गदाच होती ती.

हेमा भाजीची पिशवी घेऊन खालून निघाली होती. मान वर न करता ती रस्ता ओलांडून गेली. रसवंतीवाल्याने हाक मारली, "वहिनी, पोरीनं नाव काढलं!" तिने हसल्यासारखं केलं आणि उगाचच कोथिंबिरीची जुडी पिशवीत आत खोचली.

झालं होतं ते इतकंच. परदेशी कॉलेजांना लागते ती परीक्षा राजनंदिनीने उन्हाळ्यात दिली, तेव्हा प्रत्येकी आठशेपैकी इंग्रजीत सहाशे दहा आणि गणितात साडेसहाशे मिळाले. पावसाळ्यात पुन्हा दिली, तर गणित सातशे चाळीसवर गेलं आणि इंग्रजी पाचशे सत्तरवर घसरलं. पहिल्या वेळचं इंग्रजी आणि दुसऱ्या वेळचं गणित, दोन्हीतलं चांगलं तेवढं उचलून बेरीज केली की तेराशे पन्नास. तिकडची बरीच कॉलेजं अशी बेरीज धरतात आणि तिला सुपरस्कोअर म्हणतात. हेमाने चहा गाळता गाळता नवऱ्याला सांगितलं होतं, "सुपरस्कोअर तेराशे पन्नास होतोय." संभाजीने बशी खाली ठेवायच्या आत थोरल्या भावाला फोन लावला. "तात्या, पोरीला सुपरस्कोअर मिळाला!"

होतोय आणि मिळाला, यांत फरक आहे, हे त्याच क्षणी सांगता आलं असतं. हेमा बी.एस्सी. झालेली, खडकवासल्याच्या बाजूच्या एका वाडीतून रोज एसटीने कॉलेजला येऊन झालेली, घरातली पहिली पदवीधर सून. समजावून सांगणं हेच तिचं या घरातलं काम होतं. लाइटबिलापासून आबांच्या रक्ताच्या रिपोर्टपर्यंत. पण संध्याकाळी तात्या स्वतः पेढे घेऊन आले, जाऊबाईंनी पोरीची दृष्ट काढली, आबा म्हणाले, "माझ्या नातीनं मैदान मारलं." हेमाने पेढा खाल्ला.

त्यानंतर राजनंदिनीने तिसऱ्यांदा परीक्षा दिली, आणि त्या परीक्षेचं संभाजीसकट घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आई-लेकींनी ‘क्लासला जातो’ असं सांगून गाडी काढली होती. इंग्रजी पाचशे चाळीस. गणित पाचशे नव्वद.

आणि ज्या विद्यापीठात राजनंदिनीला जायचं होतं, मक्याच्या शेतांमधल्या, स्वतःचा गोठा आणि स्वतःची डेअरी असलेल्या, त्यांचा नियम असा, की दिलेल्या सगळ्या परीक्षांचे गुण पाठवा. बेरजा करायच्या तर आम्ही करू.

शुक्रवारी फोनवर सुनीती मॅडमनी हे स्वच्छ सांगितलं होतं. सुनीती गद्रे, सदाशिव पेठेत राहणाऱ्या, परदेशी प्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्या. अर्जाची मुदत सोमवारपर्यंत होती. हेमाने त्या दुपारी लेकीला जवळ बसवून सांगितलं, "ते एक सोडून दे. बाकीची पाच कॉलेजं आहेत ना? त्यांना पहिल्या दोनच पाठवू. कोण विचारतंय?" राजनंदिनीने ऐकून घेतलं. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हेमाने ते हो धरलं.

त्या रविवारी संध्याकाळी मंडळाच्या मैदानात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होता, आणि तात्यांनी प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं होतं ते नेमकं सुनीती मॅडमना. हेमाला हे कळलं ते दुपारी, मॅडम हॉलमधल्या सोफ्यावर येऊन बसल्यावर.

"चौकात पाहिला तुमचा फ्लेक्स," मॅडम चहाचा कप हातात घेत म्हणाल्या. "अमेरिकेतून दिसत नाही, एवढंच आपलं नशीब."

तात्यांना ते कौतुक वाटलं. "अहो, यापेक्षा मोठा लावणार होतो. पण एमएसईबीची डीपी मध्ये येत होती."

"सुपरस्कोअर पटकावत नाहीत हो सर्जेराव. सुपरस्कोअर काढतात. बेरीज असते ती."

हेमा चकल्यांची थाळी घेऊन दारात उभी होती. आत जावं की मागे फिरावं, कळेना. तेवढ्यात मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलं नाहीत घरी?"

"सांगितलं होतं," हेमा म्हणाली. "म्हणजे, बोलले होते मी."

"कसली बेरीज?" तात्यांनी मिशीवरचा हात खाली घेतला.

मॅडमनी दोन वाक्यांत सांगून टाकलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत आबा, म्हणजे दत्तोबा पायगुडे, इतका वेळ डोळे मिटून बसले होते. तरुणपणी त्यांनी तालमीच्या मातीत अंग मळलं होतं आणि अजून जगातली कुठलीही गोष्ट ते कुस्तीवर आणूनच समजून घेत.

"म्हंजी असं म्हना," ते डोळे न उघडता म्हणाले, "कात्रजच्या जत्रंत एकाला खाली घेतला, पन चीत काय झाला न्हाई. पुढल्या जत्रंत दुसऱ्याच गड्याची पाठ लावली. आन् दोन्ही मिळून एक कुस्ती मारली म्हनायची. व्हय?"

"साधारण तसंच," मॅडम म्हणाल्या.

"असल्या कुस्त्या मी बी ढीगभर मारल्या असत्या की."

संभाजी मोठ्याने हसला. हेमाही हसली, सुटल्यासारखी. एवढ्यावर निभावलं तर बरं होतं. तात्यांनी मान हलवली, "असू द्या, असू द्या. बेरीज तर बेरीज. खोटं तर नाही ना?"

"मुळीच नाही. पुष्कळ ठिकाणी चालतं. फक्त राजनंदिनीला हवंय तिथे चालत नाही. त्यांना तिन्ही परीक्षांचे गुण लागतात. आणि उद्या मुदत संपतेय, म्हणून म्हटलं, आलेच आहे तर एकदा विचारावं, काय ठरलं तुमचं?"

संभाजीचं हसू अजून चेहऱ्यावरच होतं. "दोन्ही," तो म्हणाला. "दोन परीक्षा झाल्यात मॅडम."

सुनीती मॅडमनी कप बशीत ठेवला. त्यांना कळलं होतं, आणि कळल्यावर त्यांनी जे केलं ते हेमाला टोमण्याहून जड गेलं. त्या नुसत्या भिंतीवरच्या फोटोकडे बघू लागल्या.

"हेमा?" संभाजी म्हणाला.

"तीन झाल्या," हेमा म्हणाली. "तिसरी बरी नाही गेली. म्हणून म्हटलं, तुम्हाला उगाच कशाला..."

"किती?"

"अहो, पाहुणे आहेत."

"किती, हेमा?"

तिने आकडा सांगितला. अकराशे तीस. तोंडातून बाहेर पडल्यावर तो आकडा इतका काही भयंकर वाटेना. भयंकर वाटत होतं ते संभाजीचं तोंड. त्याने बायकोकडे पाहिलं नाही. हातातल्या चकलीकडे पाहिलं आणि ती थाळीत परत ठेवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस तिच्यावर रागावला की आवाज चढवायचा. आज चढवला नाही. "मी त्या दिवशी क्लासची फी भरलीय का विचारायला फोन केला होता तुला," तो म्हणाला. "तू म्हणालीस, वर्ग सुरू आहे, नंतर बोलू."

हेमा थाळी टीपॉयवर ठेवायची विसरून तशीच उभी राहिली.

तात्या मात्र भराभर विचार करत होते. संध्याकाळ त्यांची होती. मांडव पडला होता, खुर्च्या आल्या होत्या, पुढच्या वर्षी महापालिकेचं तिकीट मिळवायचं होतं. "हे बघा, इथल्या इथं मिटवू," ते पुढे सरकून म्हणाले. "ते एक विद्यापीठ सोडून द्यायचं. बाकीची आहेत ना? त्यांना पहिल्या दोनच पाठवायच्या. कोण विचारतंय?"

शुक्रवारचे तिचे शब्द. जवळपास जसेच्या तसे. फक्त आता त्यांना मिशा होत्या. गेली कित्येक वर्षं या माणसाच्या फ्लेक्सला, हारांना, शालींना ती माजघरात नाकं मुरडत आली होती. आणि आज अख्ख्या घरात तिच्या बाजूने बोलणारा तोच एक होता.

"बरोबर बोलतात तात्या," ती म्हणाली. म्हणताना आपलाच आवाज तिला परका वाटला.

"वा," जाऊबाई म्हणाल्या.

विजयमाला अक्का, तात्यांच्या पत्नी, आतल्या खोलीत राजनंदिनीला साडी नेसवत होत्या. पदराच्या पिना तोंडात तशाच धरून त्या दारात आल्या होत्या. त्यांनी एकेक पिन काढून पदराला टोचली, सावकाश. मग म्हणाल्या, "आमच्या अभीला केटी लागली होती तेव्हा याच हॉलमध्ये तू सगळ्यांना नीट समजावून सांगितलं होतंस, हेमा. केटी म्हणजे काय. नापास झाला तरी पुढच्या वर्षाला बसू देतात, आणि मग तो विषय पुन्हा द्यावा लागतो. आबांनासुद्धा कळलं होतं, इतकं छान सांगितलंस. अभी इथंच बसला होता, त्या स्टुलावर."

"अक्का, मी तेव्हा..."

"नाही, म्हटलं, तसंच हे पण सांग की. सुपरस्कोअर म्हणजे काय. आम्ही आपले पेढे खाऊन बसलो."

अभिमन्यू त्या दिवशी स्टुलावरून उठून गेला होता का, मान खाली घालून बसला होता का, हे हेमाला आठवेना. आठवत होतं ते फक्त आपलं बोलणं, मुद्देसूद, एकही शब्द न अडखळता.

"अगं, हिला बोलून काय उपयोग आता," तात्या बायकोवर डाफरले. "संध्याकाळचं काय ते बघा."

"संध्याकाळचं तुम्ही बघा. मी पोरीचं बघते."

"दादा," संभाजी मध्येच म्हणाला. तो तात्यांना तात्या म्हणायचा सगळ्यांसमोर. दादा म्हणाला होता ते शेवटचं वाटण्यांच्या वेळी, त्यानंतर आज. "सोडायचं नाही ते विद्यापीठ. ती म्हशीचं दूध, दह्याचं विरजण, काय काय वाचत बसते रात्रंदिवस ते त्याच्यासाठीच."

"दूध शिकायला येवढ्या लांब," आबा पुटपुटले. "हितं कात्रजला डेअरी हाय की."

"आबा, थांबा. पाठवायचे तर तिन्ही पाठवू. नाही घेतलं तर नाही घेतलं."

"आणि बाकीच्यांना कळलं तर?" हेमा म्हणाली. इतक्या लोकांसमोर आवाज चढला तिचा. "तुम्हाला काय, तुम्ही म्हणाल तिन्ही पाठवा! अकराशे तीस बघून ते लोक काय म्हणतील पोरीला? की आधीचे दोन नशिबाने आले? एवढी मेहनत केली तिने. एका वाईट दिवसासाठी ती सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोर कोण?" अक्कांनी विचारलं. "ती का तू?"

मॅडमनी पर्स उचलली. "मी गाडीत बसते. तुमचं होऊ द्या."

"नको मॅम, थांबा ना."

राजनंदिनी अक्कांच्या मागून बाहेर आली. मोरपंखी पैठणी, केसांत गजरा, पायांत मात्र मोजे. सत्काराला नटवलेल्या त्या मुलीकडे बघवेना. हेमाने नजर थाळीकडे वळवली.

"इचारा की पोरीला," आबा म्हणाले. "पाठवायचं तिला हाय, जायचं तिला हाय, आन् पंचाईत बसलीय आपली."

"विचारायची गरज नाहीये, आबा. मी पाठवलेत," राजनंदिनी म्हणाली.



"काय पाठवलेत?" हेमा म्हणाली.

"स्कोअर. तिन्ही. तिसरा रिझल्ट आला ना, त्याच आठवड्यात. पप्पांचं कार्ड वापरलं, सॉरी पप्पा. अर्ज पण काल सबमिट केला."

सुनीती मॅडम पर्स मांडीवर घेऊन पुन्हा टेकल्या. "मला नाही सांगितलंस."

"सॉरी मॅम. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मम्मीला सांगितलं असतं."

"सांगितलं असतं," मॅडमनी कबूल केलं.

"आणि मी परवा तुझ्याशी बोलत होते, तेव्हा?" हेमाने विचारलं. "तासभर बोलत होते मी. ते सोडून दे म्हणत होते. तेव्हा का नाही बोललीस?"

राजनंदिनीने पदर सावरला. तिला साडीची सवय नव्हती; पदर पुन्हा घसरला. "मम्मी, रिझल्ट दाखवला ना तुला मी किचनमध्ये, तेव्हा तू पहिलं वाक्य काय बोललीस? कुणाला बोलू नकोस. मग मी नाही बोलले. कुणालाच. तुला पण."

ती हे भांडायला म्हणाली असती तर हेमाला काहीतरी बोलता आलं असतं. उलट बोलतेस, मोठ्यांसमोर बोलतेस, काहीतरी. पण पोरीचा सूर भाजी संपलीय सांगावं तसा होता. तिने त्यावर विचार करून, ते आपल्यापुरतं मिटवून, पुढे पाऊल टाकलं होतं, आणि या सगळ्यात आई तिला लागलीच नव्हती.

"त्यांनी मागितले होते ना सगळे," राजनंदिनी तात्यांकडे वळून म्हणाली, तेवढंच एक समजावायचं राहिल्यासारखं. "मग द्यायचे. त्यात काय?"

तात्यांनी कपाळ चोळलं. "आणि मी आता माईकवर काय बोलू?"

"बारावीला पहिली आलीय कॉलेजात, ते बोला," संभाजी म्हणाला.

"ती चाचणी परीक्षा होती."

"मग ते बोला. बोलायचं कमी पडलंय का तुम्हाला कधी?"

आबा खोकल्यासारखं हसले. हॉलमधला ताण जरासा सैलावला. मॅडमनी थंडगार चहा पिऊन टाकला. तात्या फोन घेऊन गॅलरीत गेले, मंडपवाल्याला ओरडायला. संभाजी हेमाच्या जवळून गेला, तिच्या हातातली थाळी घेतली आणि टीपॉयवर ठेवली. हेमाचे हात मोकळे झाले आणि त्यांचं काय करावं हे तिला समजेना.

"इकडं ये," अक्का राजनंदिनीला म्हणाल्या. "निरी सुटतेय." त्यांनी तिला सोफ्याच्या कडेला उभं केलं, आणि निऱ्या पुन्हा घालता घालता, मान वर न करता, विचारलं, "त्या तिसऱ्या वेळी काय झालं होतं गं तुला?"

राजनंदिनीने गजरा चाचपला.

"काही नाही, मोठी मम्मी."

"काही नाही कसं. एवढं येत होतं की तुला. दुखत होतं का काही?"

पोरीची हनुवटी हलली. एवढ्या वेळात पहिल्यांदा. "वाचता येत होतं सगळं," ती म्हणाली. "पण वाक्याच्या शेवटाला पोचले की सुरुवात विसरायचे. मग परत वर. परत वर. असं एकाच प्रश्नाला किती वेळ गेला, मला कळलंच नाही. मग ब्रेकमध्ये वॉशरूमला जाऊन उलटी झाली."

हेमा भिंतीला टेकली. त्या दिवशी ती सेंटरच्या गेटबाहेर गाडीत बसून होती. पोर बाहेर आली, पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावला. आणि हेमाने गाडी सुरू करत विचारलं होतं, "किती येतील अंदाजे?" ठीक गेला, एवढंच उत्तर आलं होतं. सिग्नलला तिने लेकीच्या मांडीवर थोपटत आणखी काहीतरी म्हटलं होतं. चौदाशे पार झाले तर तात्या फ्लेक्सच लावतील बघ, असं. पोर खिडकीतून बाहेर बघत होती. उलटीचा वास गाडीत नक्की आला असणार. तिला तो आठवत नव्हता.

"मग पाणी तरी प्यालीस का नाही?" अक्का विचारत होत्या.

"तिथल्या एका मॅमनी दिलं."

"आणि मग?"

हेमा पुढे झाली. तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला विचारायचंय ते सगळं अक्कांचं विचारून झालंय, आणि जे विचारलेलं नाही ते विचारायची आपली लायकी आज नाही. ती सोफ्यापासून दोन हातांवर थांबली.

"आणि मग परत आत गेले," राजनंदिनी म्हणाली. डोळ्यांतलं काजळ तिने मनगटाने पुसलं, ते गालावर ओढलं गेलं. अक्कांनी खाली बसल्या बसल्याच स्वतःच्या पदराचं टोक वर धरलं, आणि तिने वाकून त्यात तोंड पुसलं. "तेव्हा गणिताचा पेपर होता. मला वाटलं, गणित तरी येईल..."

ती सांगत राहिली, अक्कांकडे बघत. हेमा उभी राहून ऐकत होती.